चार नंबरच्या दारातली बॅग

बॅग जागेवर नाही हे आधी धाकट्याच्या लक्षात आलं, आणि त्याने लगेच घर डोक्यावर घेतलं.

“इथली बॅग कुणी हलवली?”

रविवारची सकाळ होती. बाहेरच्या खोलीत खोक्यांमधून वाट काढत माणसं हिंडत होती. कारखान्याच्या वसाहतीतली ही दोन खोल्यांची जागा मंगळवार उजाडायच्या आत रिकामी करून किल्ली द्यायची होती. वसाहतीची चाळीस घरं पाडून तिथे दुसरी भट्टी उभी राहणार होती. शहराचा कचरा एका भट्टीला आवरेनासा झाला होता, आणि तो जाळून निघणारी वीज शहराला पुरेनाशी झाली होती. शेजारपाजार निम्मा उठून गेला होता. रिकाम्या घरांच्या खिडक्या लोकांनी चौकटींसकट काढून नेल्या होत्या.

“कसली बॅग?” आत्याने विचारलं. तिला अलीकडे ऐकू कमी यायचं, पण भांडणाचा वास बरोबर लागायचा.

“दादाची!” धाकटा ओरडला.

“दादा आला?” खुर्चीचे हात धरून आत्या अर्धी उठलीसुद्धा.

आत्याने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं आणि ती हळूच खाली बसली.

दादाला घर सोडून तेवीस वर्षं झाली होती. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. वडील या भट्टीवर पहिल्या दिवसापासूनचे कामगार. त्यांनी साहेबांच्या विनवण्या करून मुलासाठी तिथेच जागा मिळवली होती. ‘लोकांच्या उकिरड्यावर जन्म काढायचा नाही मला,’ असं दादा म्हणाला, आणि वडील उंबऱ्यात आडवे उभे राहिले. भरलेली बॅग तशीच टाकून, त्यांना ढकलून, दादा रिकाम्या हातांनी निघून गेला. पुढे वडील वारले. दादाचं पत्र नाही, निरोप नाही. ‘बॅगेसाठी तरी येईल,’ असं आई म्हणायची. त्या दिवसापासून ती बॅग दाराच्या मागे स्टुलावर, चादरीखाली होती. ती भरून दिली होती ताईने; चार शर्ट, दोन पँटी, वह्या, दाढीचं सामान. आणि दादाने नाकारलेली नोकरीही चार वर्षांनी ताईनेच धरली होती. आता ती एक्केचाळीस वर्षांची होती आणि कारखान्यात सगळे तिला क्रेनवाल्या ताई म्हणत.

“शुक्रवारी आवराआवर करायला कोण आलं होतं?” आत्याने भावजयीकडे, धाकट्याच्या बायकोकडे, न बघता विचारलं.

“मी आले होते,” भावजय म्हणाली. तिच्या हातात सुतळीचं बंडल होतं. “तीन पोती बाहेर ठेवली. जुने पेपर, फाटक्या चादरी, फुटकी बादली. बॅगेला मी हातसुद्धा लावला नाही.”

“मग ती काय चालत गेली?” धाकटा म्हणाला.

“तूच मला सांगितलं होतंस ना? लग्न होऊन तीन दिवस झाले होते. म्हणालास, या घरात सगळं विचार, फक्त त्या बॅगेबद्दल विचारू नकोस. बारा वर्षांत कधी विचारलं का मी?”

“विचारलं नाहीस. टाकून दिलीस.”

“अरे, पण—”

“चादर होती ना तिच्यावर,” आत्या म्हणाली. “फाटक्या चादरींत गेली असेल. मुद्दाम कोण करतंय म्हणा. पण आपलं ते आपलं, दुसऱ्याचं ते अडगळ.”

भावजयीने ताईकडे बघितलं. एक शब्द पुरला असता. ‘ती असं करणार नाही,’ एवढं ताई म्हणाली असती तर आत्याही गप्प बसली असती. घरात ताईचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. पण ताई काही बोलली नाही. एक तर तिलाही क्षणभर तसंच वाटलं होतं. आणि दुसरं म्हणजे तिचं डोकं केव्हाच कामाला लागलं होतं. वसाहतीतला शुक्रवारचा कचरा. म्हणजे दुसऱ्या फेरीची गाडी. म्हणजे चार नंबरचं दार.

ती आत गेली. आई जमिनीवर बसून कप कागदात गुंडाळत होती.

“आई, बॅग—”

“ऐकलं मी.”

“अजून जळली नसेल. मी बघून येते.”

“अगं, तू कुठे निघालीस? ऐक तरी—”

पण ताईने तोवर पायांत चपला सरकवल्या होत्या.

*

कचऱ्याच्या खड्ड्याला कारखान्यात सगळे खड्डाच म्हणत, पण तो चार मजली घर उभं मावेल एवढा होता. एका बाजूला सहा दारं. गाड्या मागे येत, दार उघडे, आणि शहराने काल नको म्हटलेलं सगळं खाली कोसळे. ओला कचरा लगेच जळत नाही. पाच-सहा दिवस तो खड्ड्यात मुरतो, पाणी सोडतो. मग कोरड्यात कालवून तो भट्टीच्या तोंडात टाकायचा. त्या तोंडाला कामगार घसा म्हणत. कालवायचं आणि भरवायचं काम क्रेनच्या लोखंडी पंज्याचं, आणि पंजा चालवायचं काम ताईचं. खड्ड्याच्या वर, काचेच्या खोलीत, दोन दांडे हातांत धरून ती एकोणीस वर्षं एकटी बसत आली होती. खाली बघून तिला सांगता यायचं, कोणत्या भागात घरं रंगवताहेत, कुठे लग्न झालं, कुठे म्हातारं माणूस गेलं. गाद्यांवरून कळायचं.

रविवारी पाळीवर तिचा क्रेनवरचा जोडीदार होता. मधेमधे शेंगा सोलत तो पंजा चालवत होता.

“ताई? आज सुट्टी ना तुमची?”

“उठ जरा. मला बसू दे.”

“काय झालं?”

“घरातलं एक काहीतरी चुकून आलंय. शुक्रवारी, चार नंबरला.”

तो उठला, पण त्याचा चेहरा उतरला. “दुसरी क्रेन बंद आहे, ताई. दोर बदलताहेत. तुम्ही शोधत बसलात तर घशात कोण टाकणार?”

“अर्धा तास. घसा आधी काठोकाठ भरते.”

तिने आठ पंजे भरून भट्टीची सोय केली आणि मग पंजा मागच्या भिंतीकडे नेला. शुक्रवारी दुपारी बाराच्या सुमारास चार नंबरखालचा ढीग तिनेच उचलून डाव्या कोपऱ्यात वाळत घातला होता. त्याच्यावर शनिवारचा थर होता. तो तिने अकरा वेळा उचलून बाजूला केला. मग खालचा कचरा थोडा थोडा घेऊन उजव्या बाजूला पातळ पसरू लागली. पिशव्या, फांद्या, एक तुटका पाळणा, पडदे, परत पिशव्या. जोडीदार काचेला नाक लावून उभा होता.

वीस मिनिटांनी भिंतीवरचा फोन वाजला. खालच्या कंट्रोल रूममधून मास्तर बोलत होते. पूर्वी कुठेतरी शिकवायचे म्हणून मास्तर.

“वर काय चाललंय? घसा खाली आलाय.”

“मास्तर, मी आहे. दहा मिनिटं.”

“ताई? भट्टी आठशे सत्तरवर आलीय. साडेआठशेच्या खाली गेली की धूर नीट जळणार नाही, तेलाचे बर्नर आपोआप पेटतील. त्याची नोंद होते. मला ती खोडता येत नाही.”

“खोडू नका. लिहा.”

बर्नर पेटले तेव्हा भोंगा झाला, आणि त्याच वेळी तिला तपकिरी कोपरा दिसला. एका गादीच्या कडेला बॅग पालथी पडली होती. पंज्याच्या सहा नख्यांमध्ये पाच टन कचरा मावतो. नुसती बॅग धरायला गेलं तर तिचा चुरा झाला असता. ताईने नख्या गादीखाली रुतवल्या, हळू मिटल्या, आणि बॅगेसकट गादी उचलली. झोळीत घातल्यासारखी. पंजा चार नंबरच्या दाराशी गेला, गाड्या उभ्या राहतात त्या फरशीवर टेकला आणि उघडला. हेही नियमाबाहेरच होतं.

“घे आता,” असं म्हणून ती उठली. “आधी घसा भर.”

खाली फरशी धुणाऱ्या बाईने बॅगेवर पाण्याचा पाइप मारून दिला. एक कडी तुटली होती, एक बाजू उसवली होती. ताईने हातमोजे घालून ती उघडली. ओळीने काय निघणार हे तिला पाठ होतं; तिनेच भरलं होतं सगळं. पण वर आधी लागली लोकर. एक स्वेटर. त्याच्याखाली दुसरा. एकूण सात. प्रत्येक हाताने विणलेला, आणि प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा रुंद.

ती उकिडवी बसून राहिली. आई विणायची हे तिला ठाऊक होतं. दुपारी, ती कामावर असताना. किरमिजी लोकरीची कानटोपी, राखाडी मफलर, निळे पायमोजे, हे सगळं ताईला मिळालं होतं. आई आपल्यासाठी विणते म्हणून ती ते उन्हाळा लागेपर्यंत अंगावर मिरवायची. आता समोर किरमिजी स्वेटर होता, राखाडी होता, निळा होता. तिला मिळालं होतं ते उरलेल्या लोकरीचं होतं.

“सापडलं का हो तुमचं?” फरशीवाल्या बाईने विचारलं.

“हो,” ताई म्हणाली. “माझं नाही. पण सापडलं.”

*

बॅग उन्हात निथळवून ती परत आली तेव्हा चार वाजत आले होते. बाहेरच्या खोलीत आत्याला डुलकी लागली होती. धाकटा पाठमोरा बसून एकच खोकं पुन्हा पुन्हा बांधत होता. त्याने वळून बॅग बघितली आणि सुतळीची गाठ परत सोडली. आई मागच्या पायरीवर होती. ताईने बॅग तिच्यापुढे ठेवली.

आईने बॅगेकडे बघितलं, मग ताईकडे. तिच्या तोंडावर आनंद नव्हता.

“परत का आणलीस?”

“म्हणजे?”

“मीच टाकली होती गं. शुक्रवारी. गाडीचा माणूस ओळखीचा आहे, त्याच्या हातात दिली.”

ताई तिच्याशेजारी बसली. तिच्या केसांना खड्ड्याचा वास येत होता. “मग सकाळी बोलली का नाहीस? तिला सगळ्यांनी धारेवर धरलं.”

“बोलणार होते. पण सगळे एकमेकांना विचारत होते, मला कुणी विचारलंच नाही. आणि तू तर निघालीससुद्धा. तू गेल्यावर सांगितलं त्यांना. तुला फोन लावला तीनदा.”

“फोन वर नेता येत नाही. कपाटात होता.”

“धाकटा तिला सॉरी म्हणाला. ती काही बोलली नाही. आत्याला सांगितलं तर म्हणे, मी कुठे काय म्हणाले?”

एरवी दोघी हसल्या असत्या. पलीकडे वसाहतीच्या टोकाला एका रिकाम्या घराचं छप्पर काढायचं काम सुरू होतं; पत्रे खाली पडल्याचा आवाज येत होता.

“का टाकलीस?” ताईने विचारलं.

आईने बॅगेची तुटकी कडी चाचपली. “तुझ्या नव्या खोलीत ती कुठे ठेवायची, ते ठरवत होते. तिथे दाराच्या मागे जागाच नाही. मग मनात आलं, ठेवली तरी तो येणार कुठे? त्याला हे घर ठाऊक आहे. या पत्त्यावर तो कधी आलाच, तर इथे भट्टी असेल. दिवसभर डोक्यात तेच. म्हटलं, आता पुरे.”

“स्वेटर तरी काढून ठेवायचेस. धाकट्याला झाले असते.”

“त्याच्या मापाचे नाहीत. कुणाच्याच मापाचे नाहीत ते. अंदाजाने विणलेत.”

ताईने मान हलवली. उठावं असं तिला वाटलं, पण आईने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“अजून एक आहे. मी धाकट्याकडे जाणार आहे राहायला.”

“दोन-चार दिवस?”

“नाही. कायमची.”

गेले तीन महिने ताई खोली शोधत होती ती दोघींसाठी. तळमजला हवा, आईला जिना नको. खिडकी पूर्वेला हवी. दोन खाटा मावतील असं माप तिने टेपने घेतलं होतं. जेमतेम मावत होत्या.

“माझं काही चुकलं का?” तिने विचारलं.

“तुझं काय चुकणार? तुझं कधी काही चुकलंय का? तुझ्याकडे आले तर तेच घर होईल गं. तू सकाळी कामावर जाशील आणि मी दाराकडे तोंड करून बसेन. सवय वाईट असते. त्यांच्याकडे पोरींचा गोंधळ असतो दिवसभर, दार वाजलेलंसुद्धा ऐकू येत नाही. मला तसंच हवंय आता.”

“आणि मी?”

हे ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की आत बांधाबांध थांबली. आईने दचकून बघितलं, जणू हा प्रश्न कुणी तिसऱ्याच माणसाने विचारला होता.

“तू... तू आहेसच की,” आई म्हणाली. “तुझी कधी काळजीच वाटली नाही मला.”

“वाटायला हवी होती, आई.”

आईने ताईच्या गुडघ्यावरचा हात उचलून घेतला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवला. मग दोघी पत्रे पडताना ऐकत बसल्या. ताईला आईचा राग आला होता, आणि राग आला म्हणून रडूही येत होतं. दोन्ही तिने गिळलं. आईने ते पाहिलं की नाही कोण जाणे. थोड्या वेळाने ती एवढंच म्हणाली, “हात धू जा. चहा टाकते.”

*

सोमवारी सकाळी मोठ्या साहेबांनी बोलावलं. त्यांच्यापुढे मास्तरांची नोंदवही उघडी होती.

“एकोणीस वर्षांत तुमच्याविरुद्ध एक ओळ नाही,” साहेब म्हणाले. “असं काय हरवलं होतं?”

“भावाची बॅग.”

“सापडली?”

“हो.”

“चला, बरं झालं.” त्यांनी चष्मा लावला आणि सही केली. आठ दिवस क्रेनवर बसणं बंद, वजनकाट्यावर बसायचं. कागद पुढे सरकवताना ते म्हणाले, “नव्या भट्टीची क्रेन संगणकावर चालणार आहे, बाई. तिथे माणूसच नसेल. म्हणजे हे असलंही काही होणार नाही.” ते चेष्टेने म्हणाले की कौतुकाने, हे तिला कळलं नाही.

दुपारी टेम्पो आला. आधी धाकट्याकडचं सामान चढलं: आईची खाट, कपाट, शिवणयंत्र. ताईचं फार नव्हतंच. आत्या पुढे चालकाशेजारी बसली आणि त्याला रस्ता शिकवू लागली. धाकटा ताईजवळ येऊन घुटमळला.

“ताई, मला वाटलं होतं आई तुला आधीच बोलली असेल.”

“नाही बोलली.”

“तू म्हणशील तर मी समजावतो तिला.”

“नको. तिला हवं ते मागायला तिने तेवीस वर्षं लावलीत. जाऊ दे.”

भावजय शेवटची बादली घेऊन बाहेर आली. ताईने ती तिच्या हातातून घेतली, पण लगेच सोडली नाही.

“काल मी बोलायला हवं होतं,” ताई म्हणाली. “तू माझ्याकडे बघत होतीस, ते कळलं होतं मला.”

“मला वाटलं, तुम्ही तरी म्हणाल,” भावजय म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. “बाकीच्यांचं काही नाही, ते ओरडतात आणि विसरतात. तुम्ही गप्प बसलात ते लागलं.”

“चुकलंच माझं.”

भावजयीने मान डोलावली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि ताईला त्यातच जरा बरं वाटलं.

आईने टेम्पोत चढण्याआधी ताईच्या गालावरून हात फिरवला. “जेवत जा वेळेवर,” ती म्हणाली. टेम्पो वसाहतीच्या वळणावरून दिसेनासा झाला. ताईने रिकाम्या दोन खोल्या झाडून काढल्या. पाडायचं घर कशाला झाडायचं, असं तिच्या मनात आलं, पण अर्धं झाडून झालं होतं.

मंगळवारी सहा वाजता ती काट्यावर बसली. कचऱ्याची गाडी पोलादी पाटावर उभी राहायची, आकडा यायचा, ती चिठ्ठी फाडून द्यायची. दुसऱ्या फेरीच्या गाडीचा चालक तोच ओळखीचा माणूस निघाला. ताईने टेबलाखालची बॅग काढली. तिने ती सुतळीने बांधली होती. सातही स्वेटर आत होते.

“ही टाकून द्या मागे.”

“परत?” चालक म्हणाला. “शुक्रवारी तुमच्या आईने दिलेली हीच ना? काय आहे काय यात?”

“जुने कपडे.”

त्याने बॅग मागे भिरकावली. गाडी अजून काट्यावरच होती. ताईने सवयीने आकड्याकडे बघितलं. वीस किलोच्या खालचं काही त्या काट्याला कळत नाही. आकडा होता तोच राहिला. तिने चिठ्ठी फाडली, आणि गाडी चार नंबरच्या दाराकडे गेली.

दोन वाजता पाळी संपली. नव्या खोलीत एकच खाट होती, आणि टेपने मोजलेली दुसऱ्या खाटेची जागा मोकळी होती. ताईने तिथे खोकं सरकवून बघितलं, मग ते परत काढलं. बाहेर जिन्यावर पावलं वाजली की ती थांबायची. पावलं वरच्या मजल्यावर जायची. तिसऱ्यांदा तसं झाल्यावर ती स्वतःवरच चिडली, उठली आणि धाकट्याच्या घरी फोन लावला.

फोन भावजयीने उचलला. मागे पोरींचा आरडाओरडा चालला होता.

“आई झोपल्यात, ताई. जेवून पडल्या. एवढ्या गोंधळात गाढ झोप लागलीय.”

“काही म्हणाली?”

“काही नाही. धाकटीला विणकाम शिकवायचं म्हणत होत्या.”

“बरं.” आणखी काय विचारावं ते ताईला सुचेना. “मग ठेवते.”

“ताई,” भावजय म्हणाली. “तुम्ही जेवलात?”

हो म्हणायला ताईने तोंड उघडलं. आयुष्यभर या प्रश्नाचं तेच उत्तर ती देत आली होती.

“नाही,” ती म्हणाली.

पलीकडे भावजयीने पोरींना दटावून गप्प केलं.

“का नाही जेवलात?” तिने विचारलं, आणि उत्तर ऐकायला ती थांबली.

ताई मोकळ्या जागेत जमिनीवर बसली, भिंतीला पाठ टेकली, आणि सांगायला लागली.